वाऱ्याची कड

तीन इलेक्ट्रॉन गमावून बसलेल्या कार्बनची जी जोडरेषा १५४८.२ आणि १५५०.८ अँगस्ट्रॉमवर पडते, तिच्या निळ्या अंगाला अवशोषणाची खळगी चढत चढत जेथे कंटिन्युअमला, म्हणजे रेषांवाचूनच्या सलग प्रकाशपातळीला, येऊन मिळते असे आम्ही मानतो, ती जागा नेमकी कोणती, हा एकच प्रश्न उभ्या कारकिर्दीत माझ्या मागे लागलेला असून, त्याच्यापायी माझी जितकी झोप गेली तितकी मुलांच्या परीक्षांनी, घराच्या हप्त्यांनी किंवा वरिष्ठांच्या हुकुमांनीही गेली नाही, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल मला माफी मिळालेली आहे असे मुळीच नाही.

या क्षेत्रात ज्यांनी हात काळे केले आहेत त्यांना अधिक सांगण्याचे कारण नाही. इतरांसाठी एवढेच, की सूर्याच्या तोलाचा पण पृथ्वीच्या आकारात दाबून बसविलेला एखादा श्वेतबटू आपल्या सोबती ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू चकतीच्या रूपाने त्याच्याभोवती घिरट्या घालीत, तापत तापत आत उतरतो. आणि उतरता उतरता त्यातला अल्पसा अंश चकतीच्या पृष्ठभागावरून वर उसळून सेकंदाला तीन ते पाच हजार किलोमीटर वेगाने कायमचा निघून जातो. हाच तो वारा. त्याच्या खुणा उमटतात त्या दूरच्या अतिनील किरणांत, आणि ते किरण वातावरण वरच्या वरच गिळून टाकीत असल्यामुळे कोणत्याही पर्वतशिखरावर बांधलेली कितीही मोठी दुर्बीण या कामी निरुपयोगी ठरते. ज्या उपकरणावर आमची भाकरी अवलंबून, त्याला आम्ही कधीही हात लावलेला नसतो.

आता या कडेची गोष्ट. १५४९ अँगस्ट्रॉमपाशी एका अँगस्ट्रॉमचे सरकणे म्हणजे सेकंदाला सुमारे १९४ किलोमीटरचा वेग. म्हणजे पाच हजार किलोमीटरचा वारा आपली रेषा फार तर सव्वीस अँगस्ट्रॉम निळ्या बाजूला ताणतो. माझ्या तरुणपणी ज्या उपग्रहाने आम्हांला पोसले, त्याच्या मंद ताऱ्यांसाठीच्या वर्णपटांची विभेदनक्षमता सहा अँगस्ट्रॉमच्या आसपास होती, तेव्हा सबंध वारा आमच्या हाती यायचा तो उण्यापुऱ्या चारपाच घटकांत, आणि त्यांतल्या शेवटच्या घटकावर बोट ठेवून ‘वारा येथे संपला’ असे छातीठोकपणे सांगायचे. बरे, खळगीची ती बाजू सरळ कापलेली असती तरी निभावले असते. ती असते पावसाळ्यात भिंतीवर चढलेल्या ओलीसारखी, की मध्यावर हात लावला तर शंका नको, परंतु वर सरकता सरकता कोणत्या वितीवर ओल संपली आणि कोरडा चुना सुरू झाला हे घरातली दोन माणसे एकमताने सांगणार नाहीत.

या कडेला इतके महत्त्व का, हेही सांगितले पाहिजे. आठ दशांश सूर्याएवढ्या श्वेतबटूच्या पृष्ठभागावरून सुटण्यास सेकंदाला पाच हजार किलोमीटरच्या वर वेग लागतो. तेव्हा कडेचा आकडा त्याच्या जवळपास आला तर वारा चकतीच्या अगदी आतल्या, धगधगत्या भागातून उठतो असे मानण्यास आधार मिळतो. आणि तो बराच कमी आला तर वाऱ्याचे उगमस्थान बाहेर सरकते, त्याबरोबर वस्तुमानाचा सारा जमाखर्च बदलतो, आणि त्या जमाखर्चावर ज्यांनी प्रबंध रचले त्यांची झोप उडते. म्हणजे मी बोट दोन अँगस्ट्रॉम अलीकडे ठेवले की पलीकडे, यावर दुसऱ्या खंडातल्या एखाद्या गृहस्थाची सैद्धांतिक इमारत हलते किंवा हलत नाही. आणि ही सत्ता मला आवडत नव्हती असे मी म्हटले तर ते ढोंग होईल.

मागच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका पिकला, की पडद्यावरचा वर्णपट मला धुक्यातल्या घाटासारखा नव्हे तर मुळी दिसेनासाच झाला. डावा डोळा पूर्वीपासूनच कामचुकार. शस्त्रक्रियेची तारीख पुढे पुढे जात होती, आणि एका जुन्या संग्रहातल्या वर्णपटांची नव्याने मोजणी करण्याचे काम तर अंगावर घेतलेले. तेव्हा ते माझ्या विद्यार्थिनीने माझ्यासाठी वाचावे आणि मी शेजारी बसून सांगावे, अशी तजवीज झाली. ही मुलगी मिरजेची, बोलण्यात मवाळ आणि कामात कठोर. पहिल्याच वर्णपटावर तिने विचारले, “सर, कंटिन्युअमची रेघ इथून नेऊ?”

“थोडी वर घे,” मी म्हणालो.

“थोडी म्हणजे किती?”

“डोळ्याला बरी दिसेल इतकी.”

यावर ती काही बोलली नाही, परंतु वहीत काहीतरी लिहिल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पुढे अनेक दिवस असेच चालले. ती विचारायची, मी सांगायचो, आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात येत गेले, की ज्या नियमांनी मी ही कड ठरवीत आलो ते मला शब्दांत मांडताच येत नाहीत. ‘येथे नको, ती गोंगाटाची उसळी आहे.’ कशावरून? ‘येथे धर.’ का? एखाद्या जुन्या सराफाला कसोटीवरच्या रेघेचा खुलासा मागावा तसे ते होते असे म्हणण्याचा मोह मला होतो, परंतु सराफाच्या हाती निदान सोने तरी असते.

तिच्या प्रश्नांपैकी सर्वांत चिवट होता तो १५२६.७ अँगस्ट्रॉमचा. आमच्या व्यवसायातल्या कोणालाही हा आकडा उच्चारताच कपाळाला आठी पडेल. आपल्या आणि त्या ताऱ्याच्या दरम्यान आंतरतारकीय अवकाशात जो विरळ वायू पसरलेला असतो, त्यातले एक इलेक्ट्रॉन गमावलेले सिलिकॉन नेमक्या त्या तरंगलांबीवर प्रकाश शोषते. आणि ती रेषा, कार्बनच्या रेषेपासून मोजली तर, सेकंदाला सुमारे ४,१५० किलोमीटरच्या अंतरावर, म्हणजे वाऱ्याची कड जेथे मावळायची नेमकी त्याच जागी येऊन बसते. वाऱ्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. तीक्ष्ण वर्णपटात ती सुईसारखी बारीक दिसते आणि तिला ओळखून बाजूला काढता येते. सहा अँगस्ट्रॉमच्या वर्णपटात मात्र ती खळगीच्या उतारात मिसळून जाते, कड आपली निळ्याकडे सरकल्यासारखी दिसते, आणि उतावळा निरीक्षक वाऱ्याच्या पदरात फुकटचे पाचसहाशे किलोमीटर टाकून मोकळा होतो. जवळच्या ताऱ्यांत मधला वायू थोडा म्हणून ही रेषा क्षीण, दूरच्यांत बळकट. म्हणजे एकाच मापाने सर्वांना सूट देऊन चालत नाही, प्रत्येक ताऱ्याची स्वतंत्र चौकशी करावी लागते.

“मग तुम्ही किती वजा करायचात?” तिने विचारले.

मी वजा करीतच नसे. मी त्या जागेकडे पाहून खळगीचा उतार मनातल्या मनात पुढे नेत असे, आणि सिलिकॉन नसते तर तो कोठे टेकला असता तेथे खूण करीत असे. हे मी तिला सांगितले, तेव्हा ती पुन्हा वहीत लिहू लागली.

मोजायचे कोठून, हाही तंटा आहेच. जोडरेषेच्या दोन घटकांत अडीच अँगस्ट्रॉमहून थोडे अधिक, म्हणजे वेगाच्या भाषेत पाचशे किलोमीटरचे अंतर आहे. निळ्या घटकापासून मोजाल तर एक आकडा, दोघांच्या मध्यापासून मोजाल तर दुसरा. आणि जुन्या शोधनिबंधांत लेखकाने यांपैकी काय केले हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते, कारण ते त्याला इतके उघड वाटले की लिहिण्याची गरजच भासली नाही. या असल्या मौनांच्या ढिगाऱ्यात माझी बरीच वर्षे गेली.

या बाबतीत आमच्या व्यवसायाला एक मोठी ढाल लाभलेली आहे, ती म्हणजे ताऱ्यांचा चंचलपणा. १८९६ साली सापडलेला हंस राशीतला एसएस सिग्नी हा तारा काही आठवड्यांच्या अंतराने बाराव्या प्रतीपासून आठव्या प्रतीपर्यंत उफाळतो. उफाळला की वारा सुटतो, ओसरला की थांबतो. आणि एरवी स्थिर म्हणविणाऱ्या ताऱ्यांच्याही खळग्या काही मिनिटांच्या अवधीत खोल-उथळ होताना हबल दुर्बिणीने पाहिल्या आहेत. तेव्हा दुसऱ्या कोणाचा आकडा माझ्याशी जुळला, की मी त्याचे तत्काळ अभिनंदन करी. न जुळला, की ‘तारा बदलला असावा’ असे शांतपणे लिहून टाकी. हे विधान बहुतेक वेळा खरेही असे, आणि म्हणूनच ते इतके सोयीचे. ज्या शास्त्रात प्रयोग पुन्हा करता येत नाही त्यात वाद हरण्याची वेळ क्वचितच येते.

आता त्या उपग्रहाविषयी, कारण त्याचे नाव काढल्यावाचून माझ्या पिढीतला कोणी माणूस बोलणे संपवीत नाही. इंटरनॅशनल अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर, २६ जानेवारी १९७८ रोजी उडाला. दुर्बीण अवघी ४५ सेंटिमीटरची, म्हणजे हौशी मंडळींच्या अंगणातही आज त्याहून मोठी सापडेल. आयुष्य तीन वर्षांचे धरलेले, आणि तो चालला ३० सप्टेंबर १९९६ पर्यंत. एकामागून एक जायरोस्कोप निकामी झाले, तेव्हा उरलेल्यांवर त्याला सावरून धरण्याच्या युक्त्या अभियंत्यांनी शोधून काढल्या, आणि लाखभर वर्णपट पदरात टाकून तो थांबला. त्याचे खरे वैभव मात्र या आकड्यांत नव्हते. तो भूसमकालिक कक्षेत असल्यामुळे अमेरिकेतील गॉडर्ड आणि माद्रिदजवळील व्हिलाफ्रांका या दोन केंद्रांच्या नजरेसमोर असे, अमेरिकेच्या वाट्याला दिवसाचे सोळा तास आणि युरोपच्या वाट्याला आठ, आणि निरीक्षक स्वतः नियंत्रणकक्षात बसून, आत्ताच घेतलेली प्रतिमा पडद्यावर उतरताना पाही. व्हिलाफ्रांकाच्या त्या कक्षात मी ऐंशीच्या दशकात जाऊन बसलो आहे. दूरदर्शनच्या जातीची ती व्हिडिकॉन नळी, तिच्या प्रतिमेतला करडेपणा शून्यापासून २५५ पर्यंतच मोजता येणारा, त्याच्यावर गेला की माहिती गेली. त्यामुळे किती वेळ प्रकाश साठवायचा याचा अंदाज पाचदहा टक्क्यांनी चुकला तरी एकतर कंटिन्युअम करपायचा नाहीतर खळगीचा तळ गोंगाटात बुडायचा. प्रतिमेवर मोजमापासाठी छापलेले ठिपके, विश्वकिरणांच्या माऱ्याने उठलेले पांढरे ओरखडे, आणि त्या सगळ्यांतून वर्णपटाची तिरपी पट्टी; तीत १५४९ च्या जागी काळोख पडलेला दिसला की शेजारी बसलेला चालक माझ्याकडे न पाहता विचारी, “पुढचा तारा, की हाच पुन्हा?”

‘हाच पुन्हा,’ असे म्हणण्याची मुभा ज्याला मिळाली त्यालाच निरीक्षणाचा अर्थ कळला, असे माझे मत आहे आणि ते तरुणांना आवडत नाही. आज प्रस्ताव लिहायचा, सहा-आठ महिन्यांनी समितीचा निकाल यायचा, मंजूर झाल्यास प्रत्येक मिनिटाचा तपशील आगाऊ भरून द्यायचा, आणि मग एके दिवशी तयार, शुद्ध केलेला, पोशाख चढविलेला वर्णपट संग्रहात येऊन पडायचा. कच्ची प्रतिमा पाहिलेला विद्यार्थी मला हल्ली भेटत नाही. उफाळणाऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत तर पूर्वी फोनच्या साखळीवर सारे चाले. अमेरिकेतील चलताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांच्या संघटनेच्या संचालिका जेनेट मॅटाई, ज्या १९७३ पासून २००४ पर्यंत त्या पदावर होत्या, जगभरच्या हौशी मंडळींच्या नोंदी गोळा करून ‘अमुक तारा उठला’ अशी वर्दी व्यावसायिकांना पोचवीत, आणि त्या वर्दीवर उपग्रह वळविला जाई. फ्रान्स कॉर्दोव्हा आणि कीथ मेसन यांनी १९८२ साली कन्या राशीतल्या टीडब्ल्यू व्हर्जिनिस या ताऱ्याच्या उद्रेकातला वेगवान वारा जाहीर केला, त्यानंतरच्या काळात या धावपळीला जो रंग चढला तो शब्दांत पकडणे कठीण.

या वाऱ्याचा मामला ताऱ्यांच्या वाऱ्याहून वेगळा आहे, हे आम्हांला उशिरा उमगले. प्रचंड, तेजस्वी ताऱ्यांचे वारे प्रिन्स्टनच्या मॉर्टनने १९६७ सालीच अग्निबाणांवरून घेतलेल्या मृगातील ताऱ्यांच्या वर्णपटांवरून दाखविले होते, आणि त्यांची गणिते आम्ही आयती उचलली. परंतु तारा गोल असतो, चकती चपटी. चकतीकडे आपण वरून पाहतो तेव्हा वारा तिच्या उजळ पृष्ठाच्या पुढे येऊन प्रकाश शोषतो आणि खळगी दिसते; तिच्याकडे कडेकडून पाहिले तर तोच वारा आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा राहून नुसता उजळतो, आणि खळगीऐवजी उत्सर्जनाचा उंचवटा उरतो. सप्तर्षीतल्या यूएक्स अर्से मेजॉरिसमध्ये, जेथे पावणेपाच तासांच्या प्रत्येक फेरीत सोबती तारा चकतीला ग्रहण लावतो, कंटिन्युअम कोसळतो तरी कार्बनची रेषा फारशी ढळत नाही. वारा चकतीहून किती ऐसपैस पसरला आहे याचा याहून सरळ दाखला मी तरी पाहिलेला नाही. शिवाय चकतीच्या प्रत्येक कड्यातून निघणाऱ्या झोताचा अंतिम वेग निराळा, त्यात फिरण्याचा वेग मिसळलेला, आणि आपल्या नजरेशी होणारा कोन प्रत्येकाचा वेगळा. म्हणजे ज्या एका आकड्यासाठी मी डोळे झिजविले तो आकडा, काटेकोर बोलायचे तर, ताऱ्यापाशी अस्तित्वातच नाही.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. जेनेट ड्र्यू यांचे १९८७ चे काम मी प्रसिद्ध होताच वाचले होते, श्लॉसमन आणि व्हिटेलो यांचे १९९३ चे द्विशंकू प्रतिमानही. आणि नॉक्स लाँग व ख्रिश्चन क्निगे यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली पद्धत, जीत प्रकाशकणांचे पुंजके एकेक करून वाऱ्यातून सोडून त्यांचा माग काढतात, ती तर माझ्या विद्यार्थिनीचे मुख्य हत्यार आहे. परंतु ठाऊक असणे आणि सवय मोडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ती संगणकाला वस्तुमानाचा दर सांगते, शंकूचे कोन सांगते, वेग किती अंतरावर वाढतो ते सांगते. संगणक रात्रभर चालतो आणि सकाळी एक वर्णपट देतो, आणि तो खऱ्या वर्णपटावर ठेवून ती दोहोंतला फरक पाहते. त्यात कड कोठे ठरवावीच लागत नाही. खळगीचा अख्खा आकार बोलतो.

या पंथाच्या मंडळींविषयी मला जे वाटते ते मी तोंडावर बोललेलो आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. इतके सारे चल एकाच वेळी फिरविण्याची मुभा दिली तर कोणताही वर्णपट कोणत्याही वाऱ्यात बसविता येतो. आणि बसला की तो ‘निष्कर्ष’ म्हणून छापला जातो. त्यातून आपल्या प्रतिमानाशी विसंगत असलेला एखादा तारा ‘वैशिष्ट्यपूर्ण’ ठरवून नमुन्यातून वगळायचा, ही तर वहिवाटच पडली आहे. शिवाय ज्या यंत्रणेने हा वारा हाकला जातो असे आपण तीन दशके शिकवीत आलो, म्हणजे रेषांवर आदळणाऱ्या अतिनील प्रकाशाचा रेटा, ती यंत्रणाच २०२४ च्या अधिक काटेकोर संगणकीय अनुकरणांत दुबळी ठरली: आयनीभवनाचा हिशेब नीट मांडला की वारा जितका सुटायला हवा तितका सुटत नाही. चुंबकीय क्षेत्राचा हात असावा, असे आता पुन्हा बोलले जाते. म्हणजे वारा आहे, खळगी आहे, आणि त्याला हलविणारा कोण याची कैफियत अजून तयार व्हायची आहे.

क्ष-किरणवाल्यांचा तोरा आणखी निराळा. न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे त्यांच्या मालकीची, आणि तेथल्या लोहाच्या दोन रेषा सापडल्या की वाऱ्याचे सारे शास्त्र आपणच निर्माण केले अशा थाटात ते सभेत बोलतात. त्यांच्यामागून दृश्यप्रकाशवाले आले. २०१५ च्या जूनमध्ये व्ही४०४ सिग्नी उसळला, हेलियमच्या रेषांत तिथल्या कृष्णविवराचा वारा ठळक दिसला, आणि ते काम उत्तम होतेच. पण त्यानंतर काही वर्षे जो तो आपल्या दुर्बिणीतून वारेच पाहू लागला. अतिनीलमध्ये न्यूट्रॉन ताऱ्याच्या द्वैतीचा वारा हबलने पकडला, स्विफ्ट जे१८५८ हा तो तारा, २०२२ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा मला झालेला आनंद शुद्ध शास्त्रीय होता असे मी म्हणणार नाही. त्यात ‘बघा, शेवटी आमच्याच दारी यावे लागले’ हा भाग बराच मोठा होता.

दार मात्र आता जेमतेम उघडे आहे. हबलला २०२४ च्या जूनपासून एकाच जायरोस्कोपवर चालविण्याचा निर्णय झाला. ही दुर्बीण गेली की दूरच्या अतिनीलमध्ये तीक्ष्ण वर्णपट घेणारे दुसरे मोठे साधन तूर्त आकाशात नाही. आमच्या पुण्याला या मुलुखात थोडीशी हक्काची जागा मिळाली ती २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या ॲस्ट्रोसॅटमुळे. त्यावरची अतिनील दुर्बीण बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याचे आयुका, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांनी मिळून घडविलेली; ३७५ मिलिमीटरच्या दोन नळ्या, आणि दीड विकलेहून तीक्ष्ण प्रतिमा. दूरच्या अतिनीलची वाहिनी १३०० ते १८०० अँगस्ट्रॉमची, म्हणजे माझा १५४९ तिच्या मधोमध. परंतु ती मुळात चित्रे काढण्यासाठी बांधलेली. वर्णपटाची सोय फटीवाचूनच्या ग्रेटिंगची, शेजारच्या ताऱ्याचा वर्णपट आपल्यावर येऊन पडतो, आणि विभेदन इतके जाड की कड मोजण्याचे नावच काढू नये. जवळच्या अतिनीलची वाहिनी २०१८ साली बंद पडली. काम कक्षेतल्या रात्रीच्या भागातच चालते, म्हणजे दर फेरीत फार तर अर्धा तास. मी या दुर्बिणीकडे सुरुवातीला कपाळ आक्रसून पाहिले हे कबूल आहे. परंतु प्रत्येक प्रकाशकणाची वेळ तीत नोंदली जाते, आणि खळगी नाही तरी सबंध प्रकाशाची थरथर तीत अशी दिसते, की जुन्या व्हिडिकॉनवर साठविलेल्या दीर्घ प्रदर्शनांत आम्ही किती चढउतार एकत्र कालवून टाकले असतील या विचाराने मी एकदा भर चर्चासत्रात गप्प झालो होतो. ही घटना विद्यार्थी अजून एकमेकांना सांगतात असे समजते.

डोळ्यांची शस्त्रक्रिया यथावकाश झाली. मानवी डोळ्याचे भिंग चारशे नॅनोमीटरखालचे किरण अडविते आणि ते काढलेल्या माणसांना पूर्वी जांभळ्यापलीकडचा थोडा उजेड दिसत असे, हे वाचलेले असल्यामुळे मी डॉक्टरीणबाईंना मोठ्या उमेदीने विचारले. “काका, हल्लीच्या कृत्रिम भिंगातही ते किरण अडवायची सोय असते,” त्या म्हणाल्या. १५४९ अँगस्ट्रॉमचा किरण हातभर हवेतूनसुद्धा पार होत नाही हे मला त्यांच्यापेक्षा चांगले माहीत असूनही मी थोडा हिरमुसलोच.

नव्या डोळ्याने मी पहिले काम केले ते म्हणजे तिची वही मागून घेतली. तीत माझ्या प्रत्येक ‘थोडी वर’चा तिने आकडा काढला होता: कंटिन्युअमच्या किती टक्क्यांवर मी रेघ थांबवितो, सिलिकॉनला किती सूट देतो, शून्य कोठे धरतो. निळा घटक, नेहमी निळा घटक. वरच्या कोपऱ्यात तिने ‘सरांचा नियम’ असे लिहिले होते आणि खाली एक लहानसे सूत्र. ते सूत्र चांगले होते. त्याने माझ्या बहुतेक खुणा बऱ्यापैकी अचूक परत मिळत होत्या, आणि आपला उभ्या जन्माचा डोळा दोन ओळींत मावतो हे पाहून मला जे वाटले त्याला लाज म्हणावे की मत्सर, हे मला अजून ठरविता आलेले नाही. ज्या चार वर्णपटांत ते सूत्र आणि माझा डोळा यांचा मेळ बसला नव्हता, ते मी त्या रात्रीच पुन्हा उघडले, आणि चारांपैकी तिहींत डोळाच बरोबर असल्याचे मला निःसंशय दिसले. चौथ्यात तारा बदलला असावा.

तिच्या निबंधाचा मसुदा आता तयार झाला आहे. कोष्टकात प्रत्येक ताऱ्यापुढे संगणकाने काढलेली वेगाची व्याप्ती, तिची अनिश्चितता, आणि अगदी उजवीकडे एका अरुंद स्तंभात माझे नेत्रमापन. तो स्तंभ पाहून मी मोठेपणाने म्हणालो, “हे काढून टाक, याला आता अर्थ नाही.” तिने विचारले, “नक्की ना, सर?” आणि मी मान हलविली. दुसऱ्या मसुद्यात तो स्तंभ खरोखरच नव्हता. मी तो मसुदा बराच वेळ चाळीत राहिलो, व्याकरणाच्या दोन किरकोळ चुका काढल्या, आणि संध्याकाळी तिला एक सविस्तर पत्र लिहिले, की ऐतिहासिक तुलनेच्या दृष्टीने, आणि विशेषतः १५२६.७ चा प्रश्न ज्या वाचकांना परिचित नसेल त्यांच्या सोयीसाठी, जुन्या मापांचे एक परिशिष्ट जोडणे इष्ट ठरेल. परिशिष्टाचा मजकूर मी सोबत तयार करूनच पाठविला आहे. तिचे उत्तर अद्याप यायचे आहे.